हिरड्याचा हिशेब द्या

प्रति,
मा. अध्यक्ष,
राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण, चेन्नई

महोदय,

आमच्या गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे. समितीचा ठराव आहे, शिक्का आहे, बँकेत खाते आहे. त्या खात्यावर लाभवाटपापोटी, म्हणजे गावचे जैविक संसाधन वापरणाऱ्या कंपन्यांनी द्यायच्या वाट्यापोटी, आजवर एक रुपयाही जमा झालेला नाही. आणि दर उन्हाळ्यात आमच्या खोऱ्यातून हिरडा गाड्या भरभरून बाहेर जातो.

यावर पत्रे लिहून झाली, माहिती अधिकारात अर्ज करून झाले, ग्रामसभेचे ठराव जोडून स्मरणपत्रेही गेली. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे बोट दाखवले, दुसऱ्याने ‘उचित कार्यवाहीसाठी वर्ग’ असा शेरा मारून कागद तिसऱ्याकडे ढकलला. त्या कार्यालयांची नावे इथे घेत नाही, कारण खुर्चीवरचा माणूस बदलून हा प्रश्न सुटणारा नाही. खोट नियमांत आहे, आणि लाभवाटपाचे नियम करण्याचा अधिकार कायद्याने तुमच्या प्राधिकरणाला दिला आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला, आणि सगळ्यांना वाचता येईल असे.

हिरड्याचे औषधी गुण तुम्हाला सांगायला नकोत. तो आमच्याकडे कसा निघतो, हे मात्र नियम करणाऱ्यांनी एकदा येऊन पाहावे. भीमाशंकरच्या अवतीभवती, आंबेगाव आणि जुन्नरच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी कुटुंबांच्या हाती उन्हाळ्यात जी रोकड येते ती बरीचशी या झाडाची. फळात आठळी धरायच्या आत ते उतरवावे लागते, तो बाळहिरडा. गडीमाणूस झाडावर चढून फांद्या झोडपतो, खाली बाया आणि पोरे पाचोळ्यातून एकेक फळ वेचतात. मग ते कातळावर उन्हात पसरायचे, राखण करायची, वळवाचे ढग दिसले की धावत जाऊन गोळा करायचे. हिरवे फळ वाळून काळे, कडक, सुरकुतलेले होते आणि वजनाला पार उतरते. झाडावरून पडून अधू झालेली माणसे या खोऱ्यात तुम्हाला भेटतील. कोणत्या झाडाचा हिरडा टणक निघतो, यंदा कोणती फांदी झोडपायची नाही, खोकल्याला कसा उगाळायचा आणि पोटाला कसा द्यायचा, हे आमच्या म्हाताऱ्यांना पाठ आहे. ते कोणी त्यांना पगार देऊन शिकवलेले नाही.

व्यापारी काट्यावर पोते ठेवतो, पैसे मोजतो. तोवर त्या हिरड्याला गाव असते. मग गाडीत आहुपे खोऱ्यातले पोते, तळेघरचे पोते आणि शेजारच्या तालुक्यातले पोते एकमेकांवर पडते. गोदामात पोती फोडून प्रतवारी होते, आणि कारखान्याच्या दारात जातो तो नुसता हिरडा. गावाचे नाव पहिल्याच गोदामात पुसले जाते. लाभाचा प्रश्न निघाला की मग वरून विचारणा होते: माल नेमका कोणत्या गावाचा?

आमची तक्रार ही एवढीच आहे. गावाचे नाव पुसू देणारा व्यापार तुम्ही चालू ठेवलात आणि वाटा देताना तेच नाव आमच्याकडे मागता.

2002 च्या जैविक विविधता कायद्यातले कलम 41 वाचा. समितीच्या हद्दीतल्या जैविक संसाधनाच्या वापराबद्दल निर्णय घेताना प्राधिकरणाने आणि राज्य जैवविविधता मंडळाने समितीशी सल्लामसलत केली पाहिजे, असे त्यात बंधन आहे. 2014 च्या मार्गदर्शक नियमांत वाटपाचे प्रमाणही ठरले होते: जमा रकमेतले 5 टक्के प्रशासनाला, 95 टक्के गावसमितीला किंवा ज्यांचा हक्क आहे त्यांना. हक्कदार सापडलेच नाहीत, तर ज्या भागातून माल उचलला त्या भागातल्या लोकांच्या उपजीविकेवर आणि तिथल्या संवर्धनावर ती रक्कम खर्च करायची, अशीही तरतूद होती. म्हणजे ‘लाभार्थी निश्चित नाही’ असे लिहून फाईल मिटण्याची मुभा तेव्हाही कोणाला नव्हती.

गाव शोधून वाटा देणे व्यवहारात जमत नाही, असे कोणी म्हणू नये. 2025 मध्ये तुमच्याच प्राधिकरणाने फलटण तालुक्यातल्या साखरवाडीला, हवेली तालुक्यातल्या कुंजीरवाडीला आणि उत्तर प्रदेशातल्या कासगंज भागाला मिळून 1 कोटी 36 लाख रुपये दिले. प्रत्येक समितीला साडेपंचेचाळीस लाख. कशाबद्दल? तिथल्या मातीतून आणि कारखान्याच्या सांडपाण्यातून घेतलेल्या सूक्ष्मजीवांबद्दल, ज्यांच्या जोरावर एका कंपनीने फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइडची उत्पादने बनवली. त्या गावांचे आम्ही मनापासून अभिनंदन करतो. आंध्र प्रदेशात रक्तचंदन लावणाऱ्या 198 शेतकऱ्यांना आणि एका शैक्षणिक संस्थेला मिळून 3 कोटी रुपये दिले गेले, तेही चांगलेच झाले.

आता सांगा. डोळ्यांना न दिसणारा जीव साखरवाडीच्या मातीतला आहे हे कागदावर सिद्ध होते, कारण नमुना घेतानाच जागेची नोंद झाली. रक्तचंदनाचा ओंडका कोणाच्या शेतातला हे कळते, कारण त्याला परवाना लागतो. आणि पोत्यापोत्याने जाणारा, डोळ्यांदेखत काट्यावर चढणारा हिरडा कोणत्या गावाचा हे मात्र कोणालाच कळत नाही. कळत नाही, कारण पहिल्या खरेदीच्या पावतीवर गाव लिहिण्याची सक्ती नाही. एका रकान्याचा हा प्रश्न आहे.

रकाना भरला गेला नाही, आणि वाटा चुकवायची दारे मात्र एकामागून एक उघडली गेली. ती एकेक करून सांगते.

पहिले दार कायद्याच्या 2023 च्या दुरुस्तीने उघडले. विधेयक डिसेंबर 2021 मध्ये लोकसभेत आले, संसदेच्या संयुक्त समितीकडे गेले, 2023 च्या पावसाळी अधिवेशनात मंजूर झाले आणि 1 एप्रिल 2024 पासून लागू झाले. या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान राज्य मंडळाला द्यायच्या पूर्वसूचनेच्या आणि त्यामागून येणाऱ्या लाभवाटपाच्या बंधनातून बाहेर काढले. ग्रंथबद्ध म्हणजे 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ज्यांची नावे आहेत त्या ग्रंथांमधले. त्या यादीत चरकसंहिता आहे, भावप्रकाश आहे. हिरडा या दोन्हींत आहे. त्रिफळ्यातले एक फळच तो. म्हणजे हिरडा ग्रंथात आला, एवढ्यावर हिरड्याचे औषध विकणारा मोकळा होऊ शकतो. ग्रंथ वाचून हिरडा झाडावरून खाली येत नाही, महोदय. तो उतरवणाऱ्याचे, झाड राखणाऱ्याचे, पुढच्या वर्षासाठी फांदी सोडून देणाऱ्याचे ज्ञान कोणत्या अनुसूचीत आहे?

दुसरे दार लागवडीचे. लागवड केलेल्या औषधी वनस्पतींना आणि त्यांच्या उत्पादनांना सूट मिळाली; अट एवढीच, की समितीकडून उगमाचा दाखला हवा. शेतकऱ्याने कष्टाने अश्वगंधा किंवा शतावरी लावली तर त्याला सूट मिळावीच. पण आमच्या भागात हिरड्याची कितीतरी झाडे मालकीच्या जमिनीत आहेत. ती कोणी लावलेली नाहीत. पाखरांनी, पाण्याने, वाऱ्याने रुजली. आजोबा-पणजोबांनी नांगर फिरवताना ती चुकवली, बांधाला राहू दिली, म्हणून ती उभी आहेत. सातबाऱ्यावर झाडाची नोंद आहे एवढ्यावरून उद्या कोणी याला लागवड म्हटले, तर खोऱ्यातला निम्मा हिरडा एका दाखल्यावर हिशेबाबाहेर जाईल. आणि तो दाखला लिहायचा कोणी? ज्या समितीला दप्तर ठेवायला कपाट नाही, कायदा समजावून सांगायला कोणी आले नाही, तिने. गरजू शेतकऱ्याच्या हातात छापील अर्ज देऊन कोणताही खरेदीदार असा दाखला मिळवू शकेल. लागवड कशाला म्हणायचे हे आपोआप रुजलेल्या झाडांबद्दल स्पष्ट लिहायला कोणाची हरकत होती?

तिसरे दार पैशांचे. ते तुमच्या स्वतःच्या नियमावलीने, एप्रिल 2025 मध्ये उघडले. आकडे मांडते.

2014 च्या नियमांत उत्पादनाच्या वार्षिक विक्रीवर 1 कोटीपर्यंत 0.1 टक्का, 1 ते 3 कोटींपर्यंत 0.2 टक्के आणि 3 कोटींच्या वर 0.5 टक्के असा वाटा देण्याचा पर्याय होता. 2025 च्या नियमांत 5 कोटींपर्यंतच्या उलाढालीला काहीच नाही. 5 ते 50 कोटींना 0.2 टक्के, 50 ते 250 कोटींना 0.4 टक्के, त्यावर 0.6 टक्के.

4 कोटींची विक्री करणारा जुन्या दराने 2 लाख देणे लागत होता. आता शून्य.

20 कोटींवाला जुन्या दराने 10 लाख. आता 4 लाख.

100 कोटींवाला जुन्या दराने 50 लाख. आता 40 लाख.

300 कोटींवाला मात्र दीड कोटीऐवजी 1 कोटी 80 लाख देईल. ही वाढ आम्हाला मान्य आहे. पण चूर्ण, काढे, गोळ्या बनवणाऱ्यांत 300 कोटींचे किती आणि 5 कोटींच्या आतले किती, हे नियम लिहिताना तुमच्यासमोर असणारच.

यावर आणखी एक कात्री आहे. पूर्वी प्रशासनासाठी 5 टक्के राहत. आता 10 ते 15 टक्के प्राधिकरण ठेवते. त्याच 20 कोटींच्या उदाहरणात जुन्या हिशेबाने गावांकडे साडेनऊ लाख यायला हवे होते. नव्या हिशेबाने, 15 टक्के वजा जाता, 3 लाख 40 हजार. म्हणजे गावांच्या वाट्यातले जवळजवळ दोन तृतीयांश एका अधिसूचनेने गेले. त्या अधिसूचनेआधी हिरडा उतरवणाऱ्या, मोह वेचणाऱ्या, चारोळी फोडणाऱ्या किती ग्रामसभांचे म्हणणे ऐकले गेले?

लहान उद्योजकाला दिलासा द्यायला आमचा विरोध नाही. आमच्याच तालुक्यातल्या एखाद्या मुलाने चूर्णाचा कारखाना काढला तर आम्हाला आनंदच होईल. पण 5 कोटींची उलाढाल करणारा लहान आणि उन्हाळ्यात चार पोती हिरडा विकणारे कुटुंब कोण? सूट द्यायची तर सरकारने आपल्या करातून द्यावी. ती आमच्या वाट्यातून देण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

आणि आता करारावरच्या सहीबद्दल. मूळ कायद्याच्या कलम 21 मध्ये लाभवाटपाच्या अटी अर्जदार, स्थानिक संस्था आणि लाभाचे हक्कदार यांच्या संमतीने ठरायच्या होत्या. दुरुस्तीनंतर त्या अर्जदार आणि समिती यांच्यात ठरतात, पण समितीच्या वतीने बोलणार तुमचे प्राधिकरण. गावाला टेबलावरून उठवून त्याच्या खुर्चीत तुम्ही बसलात. बरे, बसलात तर निदान गावाला विचारून बसा. कराराचा मसुदा मराठीत ग्रामसभेपुढे यावा, त्यावर चर्चा व्हावी, हरकत असेल तर ती नोंदवली जावी, हे नियमात लिहिल्याने कोणाचा धंदा बुडणार नव्हता. आमच्या गावांना अनुसूचित क्षेत्र म्हणून पेसा कायदा लागू आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी आम्हाला दिली, जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावरचा सामूहिक हक्कही दिला. एक कायदा मालक म्हणतो आणि दुसरा त्याच मालकाच्या वतीने परस्पर सही करतो, हे आम्ही कसे मान्य करावे?

कोणी म्हणेल, गावांनी आपली लोकजैवविविधता नोंदवही नीट ठेवली असती तर मूळ गाव शोधायला अडचण आली नसती. मग त्या नोंदवह्यांचेही ऐका. 2016 साली देशात समित्या जेमतेम 9,700 होत्या आणि नोंदवह्या 1,400 सुद्धा नव्हत्या. कायदा होऊन तेव्हा चौदा वर्षे झाली होती. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादात गेले. 31 जानेवारी 2020 ची मुदत पडली, आणि मुदत चुकवणाऱ्या राज्याला महिन्याला 10 लाख रुपये भरावे लागतील असा आदेश झाला. दंड दिसताच समित्या दोन लाख 43 हजारांवर गेल्या आणि नोंदवह्या 95 हजारांवर. चौदा वर्षांत झाले नाही ते एवढ्या घाईत झाले, तेव्हा ते कसे झाले असेल याची कल्पना चेन्नईत बसूनही करता येते.

आमच्या नोंदवहीचे काम एका संस्थेला दिले होते. तिचे लोक ग्रामपंचायतीत बसले, सरपंचांची आणि ग्रामसेवकांची सही घेतली आणि गेले. वही छापून आली तेव्हा ती आम्ही उघडून पाहिली. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या आमच्या गावात खाडीकाठची तिवरे नोंदवलेली होती. हिरड्याच्या नावापुढे ‘उपयोग: औषधी’ एवढे दोन शब्द. कोण वेचतो, कधी वेचतो, किती निघतो, कोणाला विकतो, भाव काय, या रकान्यांत रेघा. वैदूंच्या नावांच्या जागी त्या लोकांना वाटेत भेटलेल्या दोघांची नावे. ही वही आज गावाची अधिकृत नोंद आहे. उद्या एखादी कंपनी खरोखरच वाटा द्यायला निघाली आणि तिने ही वही मागितली, तर आम्ही काय दाखवायचे?

आम्ही स्वतः दुसरी वही लिहायला घेतली आहे. शाळेतली मुले म्हाताऱ्यांना विचारून लिहितात: कोणत्या माळावर हिरड्याची किती झाडे, कोणाच्या घरी किती पायल्या निघाल्या, कोणत्या व्यापाऱ्याने काय भाव दिला. त्या वहीला सरकारी मान्यता नाही. पण हिरड्याच्या गावाचे नाव सध्या तिच्यातच लिहिलेले आहे.

उद्योगांकडून नेहमी येणारे उत्तरही आम्हाला ठाऊक आहे: आम्ही भारतीय कंपनी, आम्ही कशाला द्यायचे? या प्रश्नाचा निकाल उत्तराखंड उच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये दिव्य फार्मसीच्या प्रकरणात लावला. तिथल्या राज्य मंडळाने त्या कंपनीकडे सुमारे 421 कोटींच्या आकड्यावर सुमारे 2 कोटी 4 लाखांची मागणी केली होती. लाभवाटप फक्त परदेशी कंपन्यांना लागू आहे, हा युक्तिवाद न्या. सुधांशु धुलिया यांनी नाकारला आणि भारतीय कंपन्यांनाही वाटा देणे बंधनकारक ठरवले. या निकालाने गावांच्या हाती काही लागेल असे वाटू लागले, आणि तीन वर्षांच्या आत दुरुस्तीचे विधेयक आले. न्यायालयाने जे दिले ते संसदेत बसून आखडले गेले, अशी आमची भावना आहे. ती चुकीची असेल तर आकडे दाखवून आम्हाला खोटे ठरवा. आम्हाला आनंद होईल.

कायदा नव्हता तेव्हाही लोकांना त्यांचा वाटा देणारी माणसे होती. केरळात अगस्त्य डोंगरातल्या काणी आदिवासींनी आरोग्यपच्चा ही वनस्पती शास्त्रज्ञांना दाखवली. तिच्यावरून ‘जीवनी’ हे औषध बनले आणि तिरुवनंतपुरमच्या उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यानाने 1995 मध्ये ते एका आयुर्वेदिक कंपनीला 10 लाख रुपये आणि 2 टक्के स्वामित्वधन या बोलीवर दिले. त्यातला अर्धा वाटा काणींचा, असे उद्यानाने ठरवले आणि 1997 मध्ये स्थापन झालेल्या काणींच्या न्यासाकडे पैसे पोहोचवले. त्या व्यवहारातही उणिवा होत्या. सगळ्या काणी वस्त्यांना विचारले गेले नाही, पाने गोळा करण्यावरून वनखात्याशी तंटे झाले. पण निम्मा वाटा लोकांचा, हे कायद्याने न सांगता एका संस्थेला कळले. आज कायदा आहे, नियम आहेत, लाभवाटपाचा 2010 चा आंतरराष्ट्रीय नागोया करार भारताने 2012 मध्येच मान्य केला आहे, आणि वाटा टक्क्याच्या दशांशात मोजला जातोय.

म्हणून आता विनंती नाही, मागणी करते.

1. हिरडा, बेहडा, बिबा, चारोळी, मोह अशा प्रत्येक वनोपजाच्या पहिल्या खरेदीच्या पावतीवर गाव आणि समितीचे नाव लिहिणे सक्तीचे करा. ती नोंद गोदामातून कारखान्यापर्यंत मालासोबत गेली पाहिजे.

2. आपोआप रुजलेले, राखलेले झाड म्हणजे लागवड नव्हे, हे नियमात लिहा. उगमाचा दाखला ग्रामसभेत वाचल्याशिवाय वैध धरू नका.

3. गाव सापडत नसेल तर पैसे वर अडकवून ठेवू नका. ज्या तालुक्यांत ते वनोपज निघते त्या तालुक्यांतल्या सगळ्या समित्यांना ते वाटून द्या.

4. कोणत्या कंपनीने, कोणत्या वनस्पतीसाठी, किती रक्कम भरली आणि ती कोणत्या समितीला गेली, याचा हिशेब दर वर्षी जिल्हावार जाहीर करा. महाराष्ट्राचा हिशेब मराठीत द्या.

5. गावाच्या वतीने सही करण्याआधी कराराचा मसुदा ग्रामसभेला पाठवा. निदान 30 दिवस द्या.

6. 5 कोटींची सूट आणि 10 ते 15 टक्क्यांची कपात, दोन्ही मागे घ्या. मागे घेणार नसाल, तर त्यामुळे गावांचे वर्षाला किती नुकसान होते तो आकडा प्रसिद्ध करा.

यातल्या चौथ्या मागणीला नवा कायदा लागत नाही, संसद लागत नाही, निधी लागत नाही. हिशेब तुमच्या दप्तरात आहे किंवा नाही. असेल तर दाखवा. नसेल तर तसे लिहून द्या.

हे पत्र ग्रामसभेत वाचून, सर्वानुमते मंजूर करून पाठवत आहोत. पुढच्या हंगामाआधीच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर ‘राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे उत्तर’ हा विषय पहिल्या क्रमांकावर ठेवला आहे. उत्तर आले तर ते शब्दन् शब्द वाचून इतिवृत्तात घेऊ. आले नाही, तर ज्या व्यापाऱ्याच्या पावतीवर गावाचे नाव नाही त्याच्या काट्यावर आमचे पोते चढणार नाही, असा ठराव त्याच सभेत मांडू. त्यात पहिला तोटा आमचाच आहे, हे जाणून तो मांडू.

आपली,
सदस्य, जैवविविधता व्यवस्थापन समिती
ता. आंबेगाव, जि. पुणे